माझं गाणं मार्थाला

मार्थाची पेटी खड्ड्यात उतरली. आता तिच्या आईने गायचं, म्हणून सगळे थांबले. राहेलबायने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पालघरात हे सांगून कुणाला पटलं नसतं. राहेलबाय देवाची गाणी रचायची, पण तिचं खरं वेड वेगळंच. माणूस धडधाकट असतानाच ती त्याच्या पुरण्याचं गाणं करून ठेवायची. वर त्याला ओट्यावर बसवून ऐकवायची. "तुझं झालं हां. आता तू निर्धास्त जा."

चर्चच्या पाळकांनी स्वतःचं ऐकलं आणि दोन दिवस अंथरूण धरलं. चिंचणीची मासळीवाली मात्र भांडली, "माझ्या टोपलीचं नाव नाय त्यात? आमी काय हात हलवत जायचं काय?" तिला एक कडवं वाढवून मिळालं.

हे वेड नवऱ्यापासूनचं. तो तारापूरला वीजघराच्या बांधकामावर होता, तिथे तापाने गेला. लोकांनी पुस्तकातलं गाणं म्हटलं. त्यात त्याचं काहीच नव्हतं. "उसन्या सदऱ्यात पाठवला मी त्याला," ती म्हणायची.

मी तिची शेजारीण, पालघरजवळच्याच माहीमच्या पानवेलीवाल्यांची लेक. माझंही गाणं केलं तिने. मी म्हटलं, "आमच्यात जाळतात. आणि बाया मसणात जात नाहीत."

"तू तर जाशीलच की, सखू. सोबतीला मी येईन."

दहा वेळा ऐकवून तिने ते माझ्याकडून पाठ करून घेतलं:

वेलीला पाणी घालून सखू निघाली घरा,
प्रभू, हिची तिखट जीभ सांभाळ तू जरा.

एकदा मी विचारलं, "आणि मार्थाचं?"

"तिचं तिची पोरं करतील," ती फटकन म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

मार्था एकोणिसाव्या वर्षी हिवतापाने गेली. मी पहिल्यांदाच मसणात गेले. घरच्यांनी नंतर बोलून घेतलं, ते असो. खड्ड्याच्या काठावर पाळक पुस्तक उघडायला लागले. राहेलबायने त्यांचा हात धरला.

उसना सदरा नको, एवढं मला कळलं. मला एकच गाणं येत होतं. मी ते सुरू केलं. सखूच्या जागी मार्था घातलं. दुसऱ्या ओळीचं भान राहिलं नाही. तिखट जीभ तशीच गेली.

ती पोर जन्मात 'होय' आणि 'नाय' यापलीकडे बोलली नव्हती. मागे कुणीतरी फसकन हसलं. मग राहेलबायच हसली.

"अगं सखे, माझी पोर कधी कुणाला वर तोंड करून बोलली काय गं?"

एवढं म्हणून ती मातीत बसली आणि रडली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतर तिने कुणाचंच गाणं केलं नाही. चार वर्षांनी ती गेली, तेव्हा पुस्तकातलंच म्हटलं. मला तिचं करता आलं नाही, मी चौथी शिकलेली. माझं होतं ते मार्था घेऊन गेली. मी अजून आहे.