पुण्याची एकच लाइन

माझ्यासाठी मुलगी बघायच्या कार्यक्रमात सिद्धूअण्णांनी मुलीच्या बापाला मध्येच थांबवलं होतं. ते बिचारे आजोबांच्या शेताची हकिकत सांगत होते. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पावणं, तीन मिनिटं झाली. आता दुसऱ्याला बोलू द्या की." लग्न झालं, पण सासरे अण्णांना अजून ओळख देत नाहीत.

दोष अण्णांचा नव्हता, नोकरीचा होता. पन्नास सालानंतरचे ते दिवस. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघं शेजारी बसायचो. पुण्याला लाइन एकच आणि बोलायला अख्खं गाव. गुळाचे व्यापारी, वकील, सोयरे, सगळे नंबर लावून बाकावर बसायचे. प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यातही कुणी बोलता बोलता गप्प झालं की अण्णांचा जीव तळमळायचा. "लाइन रिकामी पडलीया आणि भाईर माणसं ताटकळल्यात," म्हणत ते उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. कानावरच्या यंत्राची वायर आखूड होती म्हणून, नाहीतर रंकाळ्याला फेरी मारून आले असते.

कुणी "कसं काय, बरं हाय का?" असं सुरू केलं की अण्णा मध्ये तोंड घालायचे, "ख्यालीखुशालीला पोस्टाचं कार्ड हाय की. कामाचं बोला."

एकदा त्यांनी नामी युक्ती काढली. पेढीवर फोन असलेला एखादा गुळाचा व्यापारी "थांबा, बघून सांगतो" म्हणून आत गेला की तेवढ्या फटीत दुसऱ्याचं बोलणं उरकायचं. पुण्याचा ऑपरेटरही सामील. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या वरपित्यानं इकडच्या मुलीच्या बापाला विचारलं, "मग मुलगी बघायला कधी येऊ?" नेमका तेव्हाच व्यापारी परतला आणि अण्णांनी घाईत त्यालाच वरपित्याशी जोडून दिलं. तो म्हणाला, "माल अजून ओला हाय. आठ दिस वाळू द्या." मुलीचा बाप बोलायच्या बूथमधून उठून एक्स्चेंजच्या दारात येऊन जे बोलला, ते काही तीन मिनिटांत संपलं नाही.

अण्णांची बायको लवकर गेली. एकुलत्या गौरीला त्यांनीच वाढवलं आणि पुण्याला दिली. तिच्या पहिल्या बाळंतपणात जावयाची तार आली, "दोन दिवस अडली आहे." अण्णांनी स्वतःचा कॉल लावला. नंबर नववा.

"अण्णा, तुमचा आधी जोडतो," मी म्हणालो.

"आणि बाकावरची माणसं काय खुळी हायत व्हय?" ते माझ्यावरच खेकसले. मग बूथसमोर येरझाऱ्या सुरू. मला तर बघवेना.

शेवटी नंबर आला. जावई पलीकडून म्हणाला, "सुटली, मामा. बाळ-बाळंतीण दोघंही बरी आहेत."

अण्णा क्षणभर गप्प. लाइन रिकामी. मग सुरू झाले, "जेवली का ती? पेज तरी घेतली? पांघरूण जाड हाय का? झोप लागली का? आणि जेवली का?" जावई दर वेळी "हो" म्हणत होता. घड्याळ समोर असून मला बोलवेना. अण्णाच म्हणाले, "तीन मिनिटं झाली. ठेव."

टोपीनं डोळे पुसत ते बाहेर आले.

"मुलगा का मुलगी?" मी विचारलं.

अण्णा परत बूथकडे वळले. "इचारायचं ऱ्हायलंच की."

"परत लावू?"

त्यांनी बाकाकडे बघितलं. सहा माणसं होती. "नको. कार्ड येईल की."

कार्डाला दोन दिवस लागतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो, तेव्हा अण्णा मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर पोस्टमनची वाट बघत उभे होते.