भोपळ्याचे दात

भोपळ्याने सलग सहाव्या दिवशी तोंडात घेतलेली कोळंबी तशीच बाहेर सोडली, तेव्हा चंद्रकांत लेले टँकसमोर खुर्ची ओढून बसले.

भोपळ्या हा त्यांच्या मुलीचा, अवनीचा, पफरफिश. गोड्या पाण्यातला, फूटभर लांब, अंगावर पट्टे, आणि राग आला की पाणी पिऊन गोल फुगणारा. सोबत दुसरा मासा ठेवला की त्याचे तुकडे करायचा, म्हणून सहा फुटी टँकमध्ये एकटाच राहायचा. अवनीला देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरे शहरात नोकरी लागली. तिच्या काँडोतल्या छोट्या फ्लॅटमध्ये एवढा टँक चालेना, म्हणून भोपळ्या ओटावात, आईबाबांच्या बेसमेंटमध्ये आला. त्याच्या जेवणाची यादी अवनीने फ्रीजवर चिकटवली होती: शिंपल्यांसकट तिसऱ्या, गोगलगाई, खेकड्याचे पाय.

अवनीच्या आईच्या, नीरजाच्या, घरात अंडंसुद्धा येत नसे. तिने यादी काढून टाकली. "सोललेली फ्रोझन कोळंबी, बास. डोळे, पाय, कवच असलं काही दिसलं तर मी बाहेर जाईन."

आता चंद्रकांतांनी अवनीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेजवळ धरला.

"ओ माय गॉड! बाबा, हिज टीथ! तुम्ही हार्ड शेल्स देत नव्हता?"

चंद्रकांतांनी नीरजाकडे पाहिलं. नीरजाने छताकडे.

"त्याचे दात कायम वाढत राहतात, बाबा. कवचं फोडूनच झिजतात. आता त्याला चावताच येत नाहीये. ही विल स्टार्व्ह!"

माशांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळत होती.

"मग घरीच ट्रिम करावे लागतील," अवनी रडवेली झाली. "पाण्यात लवंग तेल टाकून झोपवायचं, आणि मग..."

"लवंग तेल?" चंद्रकांत उठून उभेच राहिले. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांचे दात पाहिले होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून कोणीही त्यांच्यासमोर आ केलेला नव्हता.

दहा मिनिटांत ते मास्क, हातमोजे आणि कपाळावर दिवा लावून हजर झाले. नखं कापायचं कटर त्यांनी उकळून आणलं होतं. टँकमधलं पाणी बादलीत घेऊन तेलाचे थेंब टाकले, भोपळ्याला आत सोडलं. थोड्या वेळाने तो कलंडला.

"अहो, गेला की काय?"

"झोपलाय. ओल्या टॉवेलात धर त्याला."

"मी? मी हात लावणार नाही!"

"अगं, मला दोनच हात आहेत."

नीरजाने डोळे गच्च मिटून धरला.

"आ करा," चंद्रकांत सवयीने म्हणाले.

नीरजाने आ केला.

"तू नाही!"

वरचे दात सुरेख कापले गेले. खालच्यांना कटर लावलं आणि भोपळ्याला जाग आली. टॉवेलातच तो फुगायला लागला.

"पाण्यात धर! हवा गिळली तर मरेल तो!"

नीरजाने कोपरापर्यंत हात बादलीत घातले. भोपळ्याने चंद्रकांतांच्या चष्म्यावर पिचकारी मारली. "झालं हं बाळा, एवढंच," नीरजा म्हणत राहिली. तो शांत झाल्यावर राहिलेला दात चंद्रकांतांनी अंदाजानेच कापला.

टँकमध्ये सोडल्यावर भोपळ्या तासभर तळाशी पडून होता. नीरजा चहा करायलाही वर गेली नाही. अखेर त्याने एक डोळा तिच्याकडे फिरवला, मग हळूच शेपटी हलवली.

"हा आता खाणार काय?" तिने विचारलं.

"कवचवालंच काहीतरी."

नीरजाने कोट घातला. "गाडी काढा."

चायनीज ग्रोसरीत ती काउंटरवरच्या माणसाला एकेक तिसरी परत करत होती. "नॉट धिस. हार्ड शेल, प्लीज." तेवढ्यात मागून हाक आली, "नीरजावहिनी, तुम्ही?" महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी वीणा सामंत उभ्या होत्या.

"माशासाठी आहे हो! घरी मासा आहे!" नीरजा घाबरून म्हणाली.

वीणाताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा हात दाबला. "मी 'मुलांसाठी आहे' असं सांगते."

आपल्या ट्रॉलीतली कोथिंबीर त्यांनी जरा बाजूला केली. खाली अख्खा पापलेट होता.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या चार जणींचे फोन आले. तिघींना ताज्या तिसऱ्या कुठे मिळतात ते हवं होतं. चौथी दबक्या आवाजात म्हणाली, "आणल्यात मी, पण कशा साफ करायच्या गं?"

नीरजाने बेसमेंटचं दार लावून घेतलं. "मिठाच्या पाण्यात तासभर ठेव, वाळू सोडतात," ती म्हणाली. "आणि टिचकी मारूनही जी मिटत नाही, ती टाकून दे. आमचा भोपळ्यासुद्धा खात नाही."