तीन टकल्यांची गोष्ट

अमेरिकेहून आलेला खोका बिंदुमाधव गर्द्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सुरीने उघडला. आत सहा व्हिडिओ कॅसेट आणि पुतण्याचे पत्र निघाले. केयूरने लिहिले होते, 'काका, तुम्ही नेहमी म्हणता की बनारसमध्ये चांगलं इंग्रजी कानावर पडत नाही. ही इकडची जुनी, गाजलेली टीव्ही मालिका पाठवतोय. विज्ञानकथा आहेत. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं. आपल्याकडच्या मशीनवर चालतील अशा करून घेतल्या आहेत.'

बिंदुमाधवांनी पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवले. 'चांगलं इंग्रजी' या शब्दांवर दोन्ही वेळा थांबले.

रामघाटाच्या गल्लीत त्यांच्या इंग्रजीचा दबदबा होता. रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी तीस वर्षे मसुदे लिहिले होते. 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून' हे वाक्य ते इंग्रजीत अकरा प्रकारे लिहू शकत. आता १९९४ साली निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी गल्लीतला पासपोर्टचा फॉर्म, विजेच्या बिलाची तक्रार, गोऱ्या यात्रेकरूने मागे ठेवलेली चिठ्ठी, सगळे त्यांच्याकडेच येई. केयूरलाही स्पेलिंगे त्यांनीच पाठ करून घेतली होती. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून तो पोर याच घरात वाढला होता.

रविवारी दुपारी, मेहुण्याने नेपाळहून आणलेल्या व्हीसीआरमध्ये त्यांनी पहिली कॅसेट सरकवली. बायको विद्युल्लता होतीच. वेणीमाधवशास्त्री आले होते. शेजारच्या वेदपाठशाळेत चाळीस वर्षे शिकवलेला, कमी बोलणारा आणि बोलला की निर्णय देणारा माणूस. समोरच्या घरातल्या कालिंदीकाकू मोघे आपल्या मुलीला, रुचीला, घेऊन आल्या. रुची अमेरिकेहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हिंदी शिकवायची आणि चारचौघांत फारसे बोलायची नाही.

काळे-पांढरे चित्र सुरू झाले. नुसते वाळवंट, त्यात एक पत्र्याचे घर आणि चंदेरी कपड्यातला एक माणूस. तो बोलू लागला आणि बिंदुमाधव पुढे सरकून बसले. थोड्या वेळाने आणखी पुढे सरकले. भाताचा मोठा घास तोंडात धरून बोलावे तसा तो माणूस बोलत होता. पाच मिनिटांत बिंदुमाधवांना 'यस', 'नो' आणि एकदा 'सँडविच' एवढे समजले.

"बिंदुमाधव," शास्त्रीबुवा म्हणाले, "काय म्हणतोय तो?"

खोलीतल्या चारही माना त्यांच्याकडे वळल्या. तीस वर्षांत 'कळलं नाही' असा शेरा बिंदुमाधवांनी कुठल्याही कागदावर मारला नव्हता.

"बदली झालीय त्याची," ते म्हणाले. "लांब, परक्या ग्रहावर. क्वार्टर दिलंय, पण बघा ना, पत्र्याचं. कुटुंबाला नेता येत नाही. तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही."

"हे राम," कालिंदीकाकू म्हणाल्या. त्यांच्या यजमानांची एकदा लांब, गोंडा गावी बदली झाली होती.

पडद्यावर एक बाई भिंतीतून आरपार चालत आली. बिंदुमाधव क्षणभरही अडखळले नाहीत. "ती बायको. खरी नाही, आठवण आहे." त्या माणसाने बाईच्या हातात हात दिला, तेव्हा कालिंदीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. गोष्ट संपल्यावर शास्त्रीबुवांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. मग म्हणाले, "मेघदूतच की हे. यक्ष आहे तो."

सगळे गेल्यावर विद्युल्लता कपबशा गोळा करत म्हणाली, "अहो, तो एक शब्द बोलत होता आणि तुम्ही अर्धं पान सांगत होतात."

"इंग्रजी भाषाच संक्षिप्त," बिंदुमाधव म्हणाले. "तार इंग्रजीत का करतात?"

पुढच्या रविवारी माणसे वाढली. त्याच्या पुढच्या रविवारी पायऱ्यांवर चपलांना जागा उरली नाही. संकठा घाटाकडच्या बायका देवीचे दर्शन उरकून थेट गर्द्यांकडे येऊ लागल्या. बिंदुमाधव टीव्हीच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसत. त्यांचा आवाज तयार झाला, कुठे थांबायचे ते कळू लागले. आपण हे बनवून सांगतो आहोत, असे त्यांना आता वाटेनासेच झाले होते. माणसांचे चेहरे दिसत होते, हातवारे दिसत होते. सुखदुःख काही इंग्रजीत होत नाही, असे ते मनाशी म्हणत.

एकदाच जरा कठीण प्रसंग आला. हुबेहूब एकसारखी दिसणारी दोन माणसे एका आकाशयानात बसली होती. बिंदुमाधवांनी त्यांना जुळे भाऊ करून घराच्या वाटणीवरून भांडायला लावले होते. ऐन रंगात लाइट गेली.

"आता पुढं?" कालिंदीकाकू म्हणाल्या. "असं अधांतरी ठेवू नका, भावजी. रात्री मला झोप नाही यायची."

बिंदुमाधवांनी अंधाऱ्या पडद्यासमोर बसून गोष्ट पुरी केली. थोरल्याने किल्ली धाकट्याच्या हातात दिली, दोघे गळ्यात पडले, जोडीने आईला भेटायला निघाले. लोकांनी सुस्कारे टाकले. तेवढ्यात लाइट आली, कॅसेट थांबली होती तिथून सुरू झाली, आणि एका भावाने दुसऱ्याला यानाच्या दारातून बाहेर आकाशात ढकलून दिले.

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या.

"हा बाहेर टाकला तो भाऊ नव्हे," बिंदुमाधव शांतपणे म्हणाले. "तो त्याच्या मनातला द्वेष. नीट बघा, चेहरा एकच आहे ना दोघांचा?"

"अद्वैत," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि विषय संपला. त्यानंतर दोन दिवसांनी शास्त्रीबुवांनी आपल्या प्रवचनात ही गोष्ट जशीच्या तशी सांगितल्याचे बिंदुमाधवांच्या कानावर आले. त्या दिवशी ते राजा घाटापर्यंत छाती काढून फिरून आले.

डिसेंबरात केयूर सुटीवर आला. येण्यामागे कारण होते. कालिंदीकाकूंच्या रुचीचे आणि त्याचे जमावे, अशी दोन्ही घरांची इच्छा होती. दोघे एकदा नावेतून पंचगंगा घाटापर्यंत जाऊन आले आणि परत येताना दोघांच्या चेहऱ्यांवर जे होते, त्यावरून विद्युल्लतेने साखरपुड्याच्या याद्याही मनात केल्या. फक्त कालिंदीकाकूंनी तोंडाने हो म्हणायचे राहिले होते.

रविवार आला. केयूरला पहिल्या रांगेत, शास्त्रीबुवांशेजारी बसवले. बिंदुमाधवांनी आपली खुर्ची त्याच्यापासून जरा लांब सरकवली, पण खोली भरली होती आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

पडद्यावर एक म्हातारी विणत बसली होती. अंगणात थाळीसारखे काहीतरी उतरले आणि त्यातून तुळतुळीत डोक्यांचे तीन पुरुष बाहेर आले.

"तिघं मुलगे," बिंदुमाधव म्हणाले. "परदेशी होते. वडील गेल्याचं कळलं, तसे निघाले. वाटेतच मुंडन करून घेतलंय."

काशीतल्या माणसांना मुंडनाचे वेगळे सांगावे लागत नाही. मागच्या बायका हळहळल्या. केयूरने चमकून काकांकडे पाहिले.

"आई ओळखत नाही त्यांना. म्हणते, बसा, कॉफी घ्या."

म्हातारीने कॉफी दिली. तिघांनी ती घेतली आणि तिघेही एकदम पोट धरून वाकले.

"आईच्या पायाशी वाकले," बिंदुमाधवांचा आवाज भरून आला. "हाताची चव ओळखली त्यांनी."

"काका," केयूरला राहवले नाही, "ते मुलगे नाहीत. दुसऱ्या ग्रहावरचे लोक आहेत. पृथ्वी काबीज करायला आलेत. कॉफी त्यांना विषासारखी बाधते, म्हणून पोटं धरलीत. आता पळून जातील."

तिघे टकले खरोखरच धडपडत थाळीकडे पळाले.

"बसवेना ना आईसमोर," मागून एक बाई म्हणाली. "काळीज फाटलं बिचाऱ्यांचं."

"पण तो स्वतः म्हणतोय तसं," केयूर म्हणाला. "आत्ता म्हणाला."

कालिंदीकाकूंनी मान हलवली. "अरे बेटा, मुंडन डोळ्यांनी दिसतंय ना. कॉफीनं कोणी मरतं का?"

शास्त्रीबुवांनी केयूरच्या खांद्यावर हात ठेवला. "तीन वर्षं झाली ना तिकडं? होईल हळूहळू. भाषा एकदम येत नाही."

लोक हसले नाहीत, हे अधिक वाईट होते. सगळ्यांनी केयूरकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावे तसे मायेने पाहिले. आणि बिंदुमाधव, सुटलो या आनंदात, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीकाकू आल्या, तेव्हा त्यांनी चहाला हात लावला नाही.

"भावजी, मुलगा गुणी आहे, त्यात काही शक नाही. पण मन खायला लागलंय. अमेरिकेत राहून तीन टकल्यांची गोष्ट समजत नाही, तर ऑफिसात साहेब काय सांगतात ते याला कसं समजत असेल? मतलब, नोकरी आहे ना खरंच? लोक म्हणे पेट्रोल पंपावर काम करतात आणि घरी इंजिनिअर म्हणून कळवतात. मी थोडं थांबते म्हणते."

त्या गेल्या. दाराआड उभ्या केयूरने सगळे ऐकले होते. तो चिडला असता तर बिंदुमाधवांना बरे वाटले असते. तो नुसता म्हणाला, "काका, मी काय दाखवू त्यांना? डिग्रीसुद्धा इंग्रजीतच आहे. वाचणार तुम्हीच."

त्या रात्री बिंदुमाधवांना जेवण गेले नाही. ज्या पोराला आपण बोट धरून अक्षरे शिकवली, त्याच्याच नावावर आपले अज्ञान चढवून बसलो, हे त्यांना टोचत राहिले. पण माणूस कचेरीतला होता. चूक झाली की दुरुस्तीचे पत्रक काढायचे, आणि ज्यांना मूळ पत्र गेले त्या सर्वांना पाठवायचे, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. सकाळी उठून त्यांनी शास्त्रीबुवांना, कालिंदीकाकूंना, रुचीला आणि येतील तेवढ्या गल्लीकरांना बोलावले. टीव्ही बंद ठेवून ते आपल्या खुर्चीजवळ उभे राहिले.

"केयूरनं सांगितलं ते बरोबर होतं," ते म्हणाले. "मला लिहिलेलं इंग्रजी येतं. पण या कॅसेटमधली माणसं काय बोलतात, त्यातलं एक वाक्य मला कळत नाही. पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही. बदली, वाटणी, मुंडन, सगळं मी मनानं सांगितलं."

बोलून झाल्यावर त्यांना हलके वाटले. लोक एकमेकांकडे बघत होते. कोणीतरी नाक ओढले.

"पाहिलंत?" शास्त्रीबुवा गहिवरून म्हणाले. "पुतण्याची लाज राखण्यासाठी माणूस स्वतःच्या विद्येवर पाणी सोडतोय. असा चुलता मिळायला भाग्य लागतं, केयूर."

"शास्त्रीबुवा, मी खरं सांगतोय."

"सज्जन असंच म्हणतात."

"अहो, मला सँडविचशिवाय काही कळलं नाही."

"विनयाची परिसीमा," शास्त्रीबुवा म्हणाले. कालिंदीकाकूंनी तर दोन्ही हात जोडले. बिंदुमाधव मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर त्यांच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला होता, आणि आज पहिल्यांदा ते जिवाच्या आकांताने खरे बोलत होते, तर कोणी मानायला तयार नव्हते. केयूर जमिनीकडे बघत होता.

तेव्हा रुची म्हणाली, "आई, काका खरं बोलताहेत."

सगळे वळले.

"केयूरनं शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता. माझे स्टुडंट असंच बोलतात, मला रोज ऐकून सवय आहे. तो पत्र्याच्या घरातला माणूस तर माणूसच नव्हता, मशीन होतं. आणि भाऊ वगैरे कोणी नव्हते."

कालिंदीकाकूंना हे गिळायला वेळ लागला. "पण तू तर त्यांना हिंदी शिकवतेस."

"हिंदी येत नाही म्हणूनच शिकतात ना, आई. तोवर कशात बोलतील?"

"मग इतके रविवार तोंड मिटून का बसलीस?"

रुचीने बिंदुमाधवांकडे पाहिले आणि जराशी लाजली. "टीव्हीतली गोष्ट मला ऐकूनच कळत होती. काकांच्या गोष्टीत पुढं काय होणार, ते कळत नव्हतं."

कालिंदीकाकूंनी हो म्हटले. केयूरच्या इंग्रजीला रुचीची हमी मिळाल्यावर नोकरीही खरी ठरली, आणि विद्युल्लतेने मनातल्या याद्या कागदावर उतरवल्या. बिंदुमाधवांनी मात्र आपल्या मनाशी ठरवले की आता रविवार बंद. तीस वर्षांचा लौकिक गेला तो गेला. शनिवारी त्यांनी सहाही कॅसेट खोक्यात भरून सुतळीने बांधल्या.

रविवारी दुपारी तीन वाजता जिन्यात चपला वाजू लागल्या. कालिंदीकाकू आल्या, संकठा घाटाकडच्या बायका आल्या, शास्त्रीबुवा आले आणि आपल्या जागेवर बसले. केयूर आणि रुची मागे भिंतीला टेकून बसली. बिंदुमाधव दारातच उभे राहिले.

"अहो, पण मला इंग्रजी कळत नाही," ते म्हणाले. "सांगितलं ना मी सगळ्यांना."

"ऐकलं आम्ही," शास्त्रीबुवा म्हणाले. "सुतळी सोडा."

केयूरनेच खोका उघडून कॅसेट लावली. पडद्यावर एक गोरा माणूस खिडकीशी उभा राहून काहीतरी सांगू लागला. बिंदुमाधव अवघडून आपल्या खुर्चीत बसले, घसा साफ केला, आणि त्या गोऱ्याच्या आवाजात त्यांचे पहिले वाक्य बुडून गेले.

वेणीमाधवशास्त्री गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. टीव्हीपाशी जाऊन त्यांनी आवाजाचे बटण शेवटपर्यंत बंद केले.

"हा उगीच मध्ये मध्ये बोलतो," ते म्हणाले. "हं, बिंदुमाधव. सांगा."