शालनचं पुढं काय झालं

"भूत शेवटी मरतंय का?"

लोणावळ्यातल्या आमच्या वाचनालयात आल्यावर सहादूआबांचा पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, कशा आहात नाही. दारात चपला काढायच्या, छत्री कोपऱ्यात उभी करायची, कपाटातलं एखादं भुताचं पुस्तक उचलून माझ्या टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं. मी "हो" म्हटलं की पुस्तक परत कपाटात. "नाही" म्हटलं की कार्डावर नोंद.

पहिल्यांदा मी हसले होते. म्हटलं, "आबा, भूत म्हणजे आधीच मेलेलं. ते परत कसं मरेल?"

"तेच तर मी म्हनतो," आबा म्हणाले. "मेल्याला मारायचं काय कारन? पन मारत्यात. लिंबू टाकत्यात, जाळत्यात, बाटलीत कोंबत्यात. आपल्याला तसलं नको."

तेव्हापासून नवी भयकथा आली की तिचं शेवटचं प्रकरण मला आधी वाचून ठेवावं लागतं. मला स्वतःला भुतांची आवड नाही. पण एवढे शेवट वाचून झाल्यावर मी त्या विषयातली जाणकार झाले आहे.

आबा मूळचे कुरवंड्याचे. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि बाराही महिने हातात छत्री. नागफणीच्या सुळक्याच्या बाजूला त्यांची थोडी भातशेती आहे, घर आहे. घराच्या तीन खोल्या मुलगा शनिवार-रविवारी पर्यटकांना देतो. आबा स्वतः गेली चाळीस वर्षं खंडाळ्यातल्या एका बंगल्यावर असतात. आधी माळी होते, मग वॉचमन झाले, आता ते स्वतःला 'केरटेकर' म्हणवतात. केरही तेच काढत असल्यामुळे हा शब्द कुणी दुरुस्त केलेला नाही.

दर गुरुवारी अकराच्या सुमाराला ते खंडाळ्याहून चालत येतात. जुनं पुस्तक परत करताना त्यातल्या भुताचं मूल्यमापन होतं. एखाद्या गावकीत सोयरिकीचा विषय निघावा तसं. खिडक्या आपटणाऱ्या एका भुताबद्दल त्यांचं मत होतं, "ह्याला काय वळन न्हाई." उलट्या पायांची एक हडळ एसटीच्या मागे घाटात धावते, अशी एक कादंबरी होती. ती त्यांनी टेबलावर जवळजवळ आपटलीच. "उलट्या पायानं घाट चढून बघा म्हनावं. मी सुलट्या पायानं चढतो तर दम लागतोय."

अशा माणसाला एकदा एक भूत मनापासून आवडलं.

'टाकीवरची बाई' नावाची कादंबरी आमच्याकडे आली होती. लिहिणारा तळेगावचा एक तरुण, कारखान्यात नोकरीला. आंबेखिंड नावाचं घाटमाथ्यावरचं लहानसं गाव, तिथे पाण्याची जुनी दगडी टाकी आणि टाकीच्या पायरीवर बसलेली शालन नावाची बाई. शालन कधीच मेलेली आहे, पण ते तिला कुणी सांगितलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फक्त एवढंच विचारते, "लांबून आलात का?" ऐकणारा घाबरून पळतो आणि बहुधा कुठेतरी पडतो. कादंबरीभर गावकरी पडत राहतात आणि शेवटच्या पानावर शालन पायरीवर एकटी बसलेली असते.

हे पुस्तक आबांनी चार वेळा नेलं. "तिचा काय दोस?" ते मला बजावायचे. "पळताना पडलं तर ती काय करील? ती चौकशीच करती ना?" दुसरा भाग येणार असल्याचं मागच्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं. पुढची दोन वर्षं दर गुरुवारी "भूत मरतंय का"च्या आधी आणखी एक प्रश्न आला. "शालन आली का?" वाचनालयात नवीन आलेल्या लोकांना वाटायचं, आबांची कुणी नात इथे कामाला आहे.

अखेर शालन आली. दुसऱ्या भागाच्या दोन प्रती आल्या. मी घरी नेऊन शेवट वाचला. पुण्याहून एक संशोधक येतो, टाकी पाडतात, पायरी फुटते, शालन धुक्यासारखी विरते. तिला मुक्ती मिळते.

गुरुवारी आबा आले. टेबलाशी चार माणसं उभी होती, फोन वाजत होता. आबांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मरतंय का?"

दोन वर्षं वाट बघितलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं? शिवाय हा नियम म्हणजे म्हाताऱ्याचा एक छंद, वाचतील आणि चार शिव्या घालून विसरतील, असं मला वाटलं. मी म्हटलं, "नाही आबा. न्या बिनधास्त."

"नक्की?"

"नक्की."

त्या महिन्यात लोणावळ्यात दुसरा विषय नव्हता. आमच्या अभिप्राय वहीत एरवी महिन्याला दोन नोंदी होतात, त्याही पंख्याबद्दल. आता पानं भरू लागली. एका कॉलेजकन्येने लिहिलं, संशोधकाचं आणि शालनचं जमायला हवं होतं. एका निवृत्त मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून तीन पानं खाल्ली. चिक्कीच्या दुकानातले एक काका म्हणाले, पहिल्या भागात जी भीती वाटली ती दुसऱ्यात नाही, मी तर दुकानात बसून वाचला आणि गिऱ्हाईकही केलं. एका डॉक्टरीणबाईंनी अर्ध्यावर पुस्तक परत दिलं आणि छान आहे म्हणाल्या. का परत दिलं, हे सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी आबा आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. वही ओढून त्यांनी सावकाश, पाटीवर लिहावं तसं लिहिलं, "शालनबाईनं कुनाचं वाईट केलं नव्हतं." छत्री उचलली आणि दुसरं पुस्तक न घेता गेले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही लेखकाला वाचकांच्या भेटीला बोलावलं होतं. पस्तीस-चाळीस माणसं जमली. लेखक साधा, थोडा लाजरा होता. मास्तरांच्या ऱ्हस्व-दीर्घाला त्याने हात जोडले. कॉलेजकन्येलाही काहीतरी बरं उत्तर दिलं. मग मागच्या रांगेतून आबा उठले.

"शालनला कुटं पाठिवलं तुमी?"

"तिला मुक्ती मिळाली, आजोबा."

"तिनं मागितली व्हती?"

सगळे हसले. लेखकही हसला, मग थांबला. म्हणाला, "मागितली नव्हती. पण किती दिवस बसणार ती एका पायरीवर? मलाच वाईट वाटायला लागलं."

"तिला वाटत व्हतं का वाईट?"

लेखकाने समोरच्या प्रतीचं शेवटचं पान उघडून पाहिलं. मग तो म्हणाला, "तिसऱ्या भागात परत आणता येईल. बघतो मी."

"कवा?"

"दोन-तीन वर्षं लागतील."

"तेवढा टाइम न्हाई," आबा म्हणाले आणि खाली बसले. आबा स्वतःच्या वयाबद्दल बोलले असं समजून लोक पुन्हा हसले. कुणीतरी टाळीही वाजवली.

लेखक मात्र बेचैन झाला. निघताना त्याने दुसऱ्या भागाची एक प्रत काढली, सही केली आणि माझ्याकडे दिली. "त्या आजोबांना द्या. म्हणावं, रागावू नका."

पण आबा पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका दुपारी मीच रिक्षा करून खंडाळ्याला गेले. कार्डावरच्या पत्त्यावरून बंगला सापडला. आवार झाडून स्वच्छ होतं, कुंड्या ओळीत, पण खिडक्या बंद. एवढी वर्षं मी धरून चालले होते की बंगला रिकामा असतो आणि आबा तिथे कुलपं राखतात.

फाटक वाजलं तसे आबा मागच्या बाजूने आले. मला बघून थबकले. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते घाईने घेतलं आणि सदऱ्याच्या आत सरकवलं.

"हळू बोला. बाईसाहेबांनी बघितलं तर पुन्ना रडत्याल."

"कोण बाईसाहेब?"

आबांनी मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. बंगल्याच्या मालकीणबाई नव्वदीला आल्यात. पाच वर्षांपासून इथेच राहतात. मुलगा मुंबईत, मुलगी परदेशात, रविवारी फोन येतो. सकाळी एक मावशी येऊन आंघोळ-स्वयंपाक करून जाते. बाकी आबा. बाईसाहेबांना आता फारसं आठवत नाही. मुलाचं नाव विसरतात, जेवण विसरतात. त्यांना पहिल्यापासून भुताच्या गोष्टींचा नाद, म्हणून आबा रोज चार वाजता पुस्तक वाचून दाखवतात.

"मला तर भुताचं लय भ्या वाटतं," आबा म्हणाले. "पन त्यास्नी तेच लागतं. आन् त्यात कुनी मेलं की त्या जेवत न्हाईत. भूत असंल तरी. म्हून तुमाला इचारून न्यायचो."

मी बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"बाकी समदं इसरत्यात. शालन तेवढी इसरत न्हाईत. सकाळी उठल्या की, शालन आली का?"

"मग शेवट तुम्ही वाचलात त्यांना?"

"तुमी नक्की म्हनलात ना. मी वाचत गेलो. टाकी पाडली तवा कळलं, पन माजं त्वांड एकदा लागलं की थांबत न्हाई. दोन दिस त्यांनी पानी सुदिक घेतलं न्हाई, ताई."

"चुकलं माझं, आबा," मी म्हटलं. ते "असू द्या" म्हणाले नाहीत. "व्हय, चुकलं," म्हणाले आणि घड्याळाकडे बघून उठले. चार वाजत आले होते.

आतल्या खोलीत पलंगावर उशांना टेकून एक लहानखुऱ्या बाई बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर शाल. आबा खालच्या स्टुलावर बसले, कपाळाला चष्मा होता तो डोळ्यांवर घेतला आणि एक मागच्या सालचं पंचांग उघडलं.

"तर मंडळी," आबा पंचांगातून वाचू लागले, "टाकी पाडली खरी, पन शालन त्या येळंला तितं नव्हतीच. ती गेलती कुरवंड्याला, भावाकडं."

"कुणाच्या भावाकडं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"तिच्याच. चुलत."

"पहिल्या पुस्तकात तिला भाऊ नव्हता, सहादू."

आबांनी पान उलटलं, बोटाने एक ओळ शोधली. "ह्या पुस्तकात हाय. हितं लिवलंय बगा, बारक्या अक्षरात."

त्या हसल्या. मग शालन कुरवंड्याहून परत आली. टाकी दिसेना म्हणून ह्याच बंगल्याच्या फाटकाशी येऊन बसली आणि जाणाऱ्या गाड्यांना विचारू लागली. शनिवार-रविवारी ट्रॅफिक जाम असल्यामुळे एकही गाडी पळाली नाही आणि सगळ्यांनी तिला नीट उत्तरं दिली. हे सगळं आबा एका लयीत, बोट फिरवत वाचत होते. अधूनमधून अडखळत, आणि अडखळले की "छपाई बरी न्हाई" असं म्हणत.

बाईसाहेबांचं लक्ष अचानक माझ्याकडे गेलं. "तुम्ही कोण?"

"पुस्तकवाल्या ताई हायेत, लोनावळ्याच्या," आबा म्हणाले.

"मग तुम्ही हे वाचलं असेल. असंच आहे ना? हा काहीही सांगतो."

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"असंच आहे," मी म्हटलं. "मी शेवटपर्यंत वाचलंय."

आबा मला फाटकापर्यंत सोडायला आले. सहीचं पुस्तक त्यांनी सदऱ्यातून काढून माझ्या हातात परत दिलं. रिक्षा येईपर्यंत आम्ही उभे होतो. आबांना काहीतरी बोलायचं होतं. दोनदा त्यांनी घसा खाकरला.

"रोज नवीन कुटनं आनायचं, ताई? मी चौथी शिकल्याला मानूस. आन् कालपास्नं बाईसाहेबांनी धरलंय, शालनचं लगीन लावा."

"कुणाशी?"

"नवरा मी बघतो. कुरवंड्यात दोन-चार जुनी भुतं हायेत, चांगल्या घरची. पन भुताच्या लग्नात मंगलाष्टकं म्हनायची का न्हाई, ते मला ठावं न्हाई. असलं काय पुस्तक हाय का तुमच्याकडं?"

मी म्हटलं, असं पुस्तक बहुतेक नसेल.

"मंग तुमीच काय तरी लिवून द्या," आबा म्हणाले. "गुरवारी न्यायला येतो."