नाना आणि प्लेटांची पत्रिका

आमच्या शेजारचे नानागुरुजी सोलर प्लेटांची आणि इन्व्हर्टरची पत्रिका जुळवून देतात. चेष्टा नाही. तुळजापुरात आमच्या गल्लीत कुणाच्या घरावर प्लेटा चढायच्या म्हटलं की त्यांच्या आधी नाना चढतात. वय एकाहत्तर, धोतराचा काचा मारलेला, खांद्याला पंचांगाची जुनी पिशवी. पिशवीत आता पंचांग नसतं, व्होल्ट मोजायचं मीटर असतं.

पद्धत मात्र जुनीच. पाटावर कोरा कागद, कोपऱ्याला गंधाचं बोट, मधोमध रेघ. डावीकडं प्लेट, उजवीकडं इन्व्हर्टर. "ही देणारी बाजू, हा घेणारा. घेणाऱ्याला झेपतं किती, ते आधी बघू," असं म्हणून चष्मा पुसतात. दक्षिणा म्हणून चहा, तोही बिनसाखरेचा.

मला यातलं जे कळतं ते त्यांच्याच तोंडून. एक प्लेट एकोणपन्नास व्होल्ट देते. दोन एकामागं एक जोडल्या की अठ्ठ्याण्णव, तीन जोडल्या की एकशे सत्तेचाळीस. आणि आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या पोटावर लिहिलेलं असतं, मला दीडशेच्या वर देऊ नका. आपण म्हणणार, मग बसलं की, वर तीन उरले. नाना मान हलवतात.

"दुपारचं सोडा वहिनी. सकाळचं बोला."

कारण प्लेट तापली की तिचा व्होल्ट उतरतो आणि गारठली की चढतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसले होते. पण आहे ते तसंच आहे. उन्हाळ्यात गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या तीन प्लेटा पौषातल्या सकाळी एकशे त्रेपन्नावर जातात.

नानांना हे कसं कळलं, तर स्वतःच्या घरात. मे महिन्यात वायरमननं तीन प्लेटा एका ओळीत लावून दिल्या. पावसाळा सुखात गेला. पौषात एके दिवशी उजाडताना नाना संध्येला बसलेले, आणि आत इन्व्हर्टरचं फट् झालं. धूर, वास, सगळं. वायरमन येऊन म्हणाला, "गुरुजी, नशीब म्हणायचं." आता नानांनी जन्मभर लोकांना नशीब सांगितलेलं. त्यांना काही ते कारण पटेना. खोक्यातलं इंग्रजी पुस्तक काढलं, शेजारी डिक्शनरी ठेवली, आणि सात दिवस पारायणासारखं वाचलं. आठव्या दिवशी बाहेर आले ते "सकाळचं बोला" म्हणतच.

तेव्हापासून खऱ्या पत्रिका त्यांनी बंद केल्या. डोळे गेले म्हणतात. पण इन्व्हर्टरच्या पुस्तकातली मुंगीएवढी अक्षरं वाचणाऱ्या माणसाचे डोळे कसे काय गेले, हे विचारायचं नाही. मागं एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आलेच, लई गयावया केली. नाना म्हणाले, "मुलाला पौषात पहाटे पाचला उठवून बघा, काय बोलतो ते. मग ठरवा." गृहस्थ चहासुद्धा न घेता गेले.

पण मला खरं कारण माहीत आहे. नानांची वसुधा. एकुलती एक. तिनं उमरग्याचा महादेव पसंत केला. कापडाच्या दुकानात कामाला, जातीनं लिंगायत, घरी कानडी-मराठी दोन्ही बोलणारा, स्वभावानं गरीब. नाना जातीचं काही बोलले नाहीत. पत्रिका मागितली. ती नव्हतीच. जन्मवेळ विचारली तर त्याची आई म्हणाली, "म्हशीची धार काढायला बसले हुते बघा, तवा." नाना म्हणाले, जुळवायला समोर काही तर पाहिजे. पोरीनं उमरग्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. शिव्या नाहीत, भांडण नाही. नुसतं येणंजाणं बंद, नऊ वर्षं. मधे वसुधाची आई, म्हणजे आमच्या काकू, गेल्या, तेव्हा वसुधा येऊन दहा दिवस राहिली. बापलेक "मीठ कुठं आहे" याच्या पुढं बोलले नाहीत.

वसुधा मला दर गुरुवारी फोन करते. आणि दर गुरुवारी त्याच वेळी नानांना भिंतीपलीकडं धोतराची घडी घालायची असते. एका धोतराला वीस मिनिटं.

या मार्गशीर्षात तिचा फोन आला. घरी ती शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते, आणि लाइट गेली की मिक्सर बंद. म्हणून महादेवनं कुणाच्या तरी शेतातल्या पंपाच्या चार जुन्या प्लेटा आणल्या होत्या, इन्व्हर्टर नवा. "वायरमन म्हणतोय, चारी एका ओळीत घेतो. परवा जोडणार." मी मुद्दामच मोठ्यानं विचारलं, "चारी एका ओळीत?"

फोन ठेवायच्या आत नाना भिंतीशी. "प्लेटीमागचं स्टिकर काय म्हणतंय, व्होल्ट किती?"

मी विचारलं. स्टिकर उन्हानं कधीच गेलेलं, अक्षरसुद्धा लागत नव्हतं.

नाना खालीच बसले, धोतर मांडीवर. "तिला सांगा, हात लावू नका म्हणावं. एका सकाळीत राख होईल. माझं नाव घेऊ नका."

मी नाव घेतलंच.

त्यानंतर दोन दिवस नाना कोंडल्यासारखे अंगणात फिरत होते. स्टिकर नाही म्हणजे कागदावर जुळवता येत नाही. मोजायलाच पाहिजे. मोजायचं तर गारठ्यात, ऊन पडल्या पडल्या. तुळजापूरहून पहिल्या बसनं गेलं तरी पोचेपर्यंत प्लेटा तापणार. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मुक्कामच. आपल्याच नियमात माणूस असा अडकलेला मी दुसरा पाहिला नाही.

"लॉजवर उतरतो," म्हणाले.

"उतरा. मग मी काही येत नाही."

"तुम्ही नसाल तर बोलणार कोण तिकडं?"

"तेच म्हणते मी."

गेलो. माकडटोपी, स्वेटर, मीटर, थर्मामीटर, आणि काकूंच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू, ते कुणासाठी हे मी विचारलं नाही. वसुधानं दार उघडलं, वाकून नमस्कार केला. नाना म्हणाले, "गच्ची पूर्वेला मोकळी आहे ना?" नऊ वर्षांत मिठाच्या पुढचं पहिलं वाक्य.

सकाळी सगळे गच्चीवर. थर्मामीटर दहावर. वायरमन कानाला मफलर गुंडाळून एका बाजूला उभा. "आज्जा, थंडीत कुटं व्होल्ट वाढतो व्हय? थंडीत माणूस आखडतोय, प्लेट बी आखडंल की."

"माणसाचं मला कळत नाही," नाना म्हणाले. "प्लेटीचं बघू."

महादेवनं प्लेटा पूर्वेला तोंड करून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. ऊन पडलं. नानांची बोटं गारठलेली. मीटरची टोकं काही तारेला नीट टेकेनात. महादेव पुढं झाला, पण हात लावायचा की नाही हे त्याला ठरवता येईना.

"धरा हो," नाना म्हणाले. "तांबडं तुम्ही धरा. काळं मी धरतो."

एकेका प्लेटीला सत्तेचाळीस निघाले. चारांचे एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि इन्व्हर्टर दीडशेवाला. वायरमननं मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "दोन-दोनच्या दोन ओळी करू की मग," तो हळूच म्हणाला. नानांनी मान डोलवली. दोन प्लेटांचे चौऱ्याण्णव, कितीही थंडी पडू दे, धोका नाही.

म्हणजे काम झालं होतं. नानांनी मीटर पिशवीत घातलं. बंद उगाच दोनदा बांधला. मी बसची वेळ काढायला लागले.

वसुधा कठड्याशी उभी होती, हातात चहाचा ट्रे. ती गणितात बापावरच गेलेली आहे. चौऱ्याण्णव आणि दीडशेमधलं अंतर तिला कळत नव्हतं असं नाही. पण म्हणाली, "बाबा, उद्या याच्याहून गार पडलं तर?"

नानांनी आभाळाकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

"तेही आहे," ते म्हणाले. "एका सकाळीवरून काय सांगता येतं?"

"इर्री मामा," महादेव घाईघाईनं कानडीत म्हणाला, मग मराठीत, "राहावा चार दिस."

मी दुपारच्या बसनं एकटी परत आले.

आता दर गुरुवारचा फोन नाना करतात. "आज अकरा होतं. काल दहा." मागून मिक्सरचा आवाज, त्याच्यावरून वसुधाची हाक, जेवायला चला म्हणून. पंधरा दिवस झाले तेव्हा मी म्हटलं, "नाना, प्लेटा जोडायच्या कधी?"

त्यांनी आवाज खाली आणला. "जोडल्या हो. दुसऱ्याच दिवशी. उत्तम चालल्यात." मग आणखी हळू, "पण 'झालं' असं मी अजून कुणाला म्हटलेलं नाही. आणि त्यांनीही विचारलेलं नाही."