भाऊजींच्या दवाखान्यातील सत्तांतर

नकार देण्याचा अधिकार माणसाला जन्मतःच मिळालेला असतो, याबद्दल सर्व विचारवंतांचे एकमत आहे. संगणक बनवणाऱ्यांचे मत थोडे वेगळे आहे. त्यांच्या मते माणसाला दोनच अधिकार असतात: 'होय' आणि 'नंतर आठवण करा'. 'नाही' हे बटण त्यांनी जागेअभावी वगळले आहे. (पडदा भिंतीएवढा असला तरी जागा कमीच पडते.)

आमचे भाऊजी दातांचे डॉक्टर. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, बाहेरच्या टेबलावर बसून रुग्णांना वेळ देते. आत खुर्ची, डोळे दिपवणारा दिवा आणि दातांचे एक्स-रे दाखवणारा संगणक. हा संगणक स्वभावाने अत्यंत प्रेमळ होता. तो न विचारता हवामान सांगे, न मागितलेल्या सोयी देऊ करी आणि आपण त्याच्यावर समाधानी आहात ना, अशी दर थोड्या वेळाने चौकशी करी. माझ्या पाहणीनुसार शंभर टक्के दंतवैद्य या प्रेमाला कंटाळलेले आहेत. (पाहणी भाऊजींपुरती मर्यादित होती.)

एकदा खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश होते आणि भाऊजींचे दोन्ही हात त्यांच्या तोंडात. नेमकी कोणती दाढ, याची खात्री करायला भाऊजींनी पडद्याकडे पाहिले, तर त्याच दाढेवर चौकट उगवली: 'तुमचा दिवस कसा चालला आहे?' खाली पाच तारे. ओल्या हातमोज्यांनी बटण दाबता येईना, म्हणून त्यांनी ताईला हाक मारली. तिने घाईघाईत चार तारे दिले. लगेच दुसरी चौकट: 'पाचवा का नाही?' ताई पडली प्रामाणिक. ती कारण लिहायला लागली. तेवढ्यात भाऊजींनी अंदाजाने यंत्र चालवले आणि शेजारची धडधाकट दाढ कोरली.

जबडा बधिर असूनही न्यायाधीशांनी निकाल दिलाच.

"पुरावा झाकलेला असताना मी कधी कुणाला शिक्षा केली नाही, डॉक्टर."

हे वाक्य भाऊजींच्या जिव्हारी लागले. पुढच्याच रविवारी सत्तांतर झाले. जुना संगणक मागच्या कोपऱ्यात, हत्यारे निर्जंतुक करायच्या यंत्राशेजारी गेला. त्याच्या जागी नवा आला आणि त्यावर वरच्या मजल्यावरच्या कान-नाक-घसावाल्यांनी सुचवलेली नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसली. ती फुकट, बाणेदार आणि मितभाषी होती. इतकी मितभाषी, की तिने प्रिंटरशी अबोला धरला आणि एक्स-रेच्या यंत्राला तर ओळखही दाखवली नाही. पण पडदा स्वच्छ. भाऊजी त्याच्यासमोर डोळे मिटून बसले.

"ऐक," ते म्हणाले.

ताईने कान दिला. "काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर."

एक्स-रेवाचून दवाखाना चालत नाही, ही किरकोळ अडचण ताईने सोडवली. तिने यंत्राची तार गुपचूप कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला जोडली. अशा रीतीने एक संगणक शांततेसाठी आणि एक कामासाठी, अशी आदर्श व्यवस्था झाली.

सुखी माणसाला सुख वाटल्याशिवाय चैन पडत नाही. भाऊजी रुग्णांना विचारू लागले, "अजून जुनीच सिस्टिम वापरता? बदलून टाकू या का?" समोरच्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि लाळ ओढणारी नळी. असा माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. तो घशातून आवाज काढतो आणि भाऊजी तो होकार धरतात. कुणी जोरजोरात हात हलवलाच, तर ते समजूतदारपणे म्हणत, "बरं, पुढच्या वेळी आठवण करतो."

पुढच्या वेळी येणारे कमी होत गेले. दातदुखी सोसण्याची समाजाची ताकद वाढली, ही आरोग्याच्या दृष्टीने समाधानाची बाब होय.

एका संध्याकाळी रिकाम्या बाकाकडे बघत ताई म्हणाली, "ती चौकट निदान दाबली की जायची. तुम्ही जातच नाही हो."

भाऊजी उठून आत गेले. कुलूप लावायची वेळ झाली तरी ते बाहेर येईनात, म्हणून ताईने आत डोकावले. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून जुन्या संगणकावर दोन बोटांनी काहीतरी टाइप करत होते.

"काय करताय?"

"त्याने विचारलं, दिवस कसा गेला. सांगतोय."

"एवढं लांबलचक?"

"गेलाच तसा."

ताई आत आली. लग्नाला इतकी वर्षे होऊनही हा प्रश्न आपण कधी विचारला होता, हे तिला आठवेना. तिने दुसरे स्टूल ओढले, त्यांच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मला सांगा ना."

"थांब गं," भाऊजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हे आधी संपू दे. तुला नंतर."

वाचकांनी यावर खुशाल हसावे. फक्त एवढे आठवून पाहावे, की हे वाचत असताना मघाशी घरातल्या कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारले आणि तुम्ही मान वर न करता नुसते 'हं' म्हणालात, ते काय होते. आठवत नसेल तर राहू द्या. पण संगणकाच्या भरवशावर राहू नका. विचारणारे माणूस होते. ते पुन्हा आठवण करीलच असे नाही.