हिंदुरावनानांचं वादळ

वडूजला आमच्या गल्लीत एक माणूस आहे. भर उन्हात, झाडाचं पान हलत नसताना, आभाळात औषधाला ढग नसताना हा माणूस शिडी लावून स्वतःच्या पत्र्यावर चढतो आणि पत्र्यावर दगड ठेवतो. खाली उतरून पाण्याच्या टाकीचं झाकण तारेनं बांधतो. टीव्हीची छत्री काढून पलंगाखाली सरकवतो. नवख्या माणसाला वाटतं, घर दुरुस्तीला काढलं असेल. गल्लीतले लोक मात्र त्या दगडांकडं बघतात आणि एकमेकांना सांगतात, "बंगालच्या उपसागरात कायतरी झालंय."

ह्यांचं नाव हिंदुराव. तोंडावर सगळे नाना म्हणतात आणि पाठ फिरली की वादळनाना. वडूजला समुद्र नाही हे सांगायला नको. इथं ओढ्याला पाणी आलं तरी लोक बघायला जातात. अशा गावात बसून नाना पार त्या टोकाच्या समुद्रातल्या वादळाचा बंदोबस्त करत असतात.

"नाना, वादळ तिकडं, मग दगड इथं कशाला?" असं मी एकदा विचारलं.

"आवं सांगलीकर, तिकडल्यांस्नी सांगायचं, पत्र्यावर वजन ठेवा, आन् हितं आपुन हात बांधून बसायचं? शोभतं का ते?"

मी मूळचा सांगलीचा. बायकोच्या माहेरी आलो आणि मेडिकल कम जनरल स्टोअर्स टाकून बसलो, त्याला बरीच वर्षं झाली, पण नानांच्या लेखी मी अजून सांगलीकरच आहे. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं हे कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्यामुळं दूरच्या पाण्याची काळजी करणारा माणूस मला काही फारसा वेडा वाटला नाही. गल्लीत नानांचं पूर्ण ऐकून घेणारा मी एकटाच, आणि हे नानांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं.

आता एवढं वादळ नानांच्या डोक्यात शिरलं कुठून, ते सांगतो. आमच्या ह्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. गलाई म्हणजे सोनाराकडची मोड, तुकडे, जुने दागिने मुशीत वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं काढून द्यायचं. कुठल्याही शहराच्या सराफ पेठेत मागच्या बोळात जा, धुराड्याखाली भट्टी पेटवून बसलेला माणूस मान वर करून विचारणार, "कुन्या गावचं म्हनायचं पावनं?" नाना मिसरूड फुटायच्या वयात घरातून निघाले ते थेट रामेश्वरच्या बेटावर जाऊन थांबले. गावातली माणसं आयुष्यात एकदा रामेश्वरला जायचं म्हणून पै-पै साठवतात, आणि नाना तिथं रोज सकाळी दात घासत समुद्राकडं बघत होते. लग्न झाल्यावर सिंधूकाकूंनाही त्यांनी तिकडंच नेलं. काकू तिथंच आजारी पडून गेल्या. त्यानंतर नानांनी भट्टी विझवली आणि गावी परत आले. मुलगा फौजेत आहे. तो जिथं असतो तिथून त्याचा फोन लागेलच असं नसतं. घरात नाना एकटे.

भट्टी विझली तरी डोक्यातली विझली नाही. वादळाचं अख्खं शास्त्र त्यांनी गलाईत बसवलं आहे. "समुद्र म्हंजे मूस. खालनं तापली की वरनं फिरतंयच." उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की नाना दुकानात येऊन सांगतात, "मूस ठिवलीया." दाब आणखी घसरला की, "तापाय लागली." आणि उपग्रहाच्या चित्रात वादळाचा डोळा दिसला की आवाज खाली आणून म्हणतात, "लाल झाली, सांगलीकर. आता हात लावायचं काम न्हाई."

घरात भिंतीवर शाळेत असतो तसला भारताचा मोठा नकाशा आहे. वादळ जिथं पोचलं तिथं नाना टिकली लावतात. टिकल्यांचं पाकीट माझ्याच दुकानातून नेतात. विधुर माणूस, दसरा झाला की जनरल स्टोअर्समध्ये येतो आणि लाल टिकल्या मागतो, तेही "लहान नगं, ठसठशीत द्या" म्हणून बजावतो, तेव्हा गल्ली काय गप्प बसणार? नाना दुसरं लग्न करतायत अशी आवई उठली. पोरगी कुठली, इथपर्यंत चर्चा गेली. एका माउलीनं तर माझ्या दुकानात येऊन हळूच चौकशी केली, "बांगड्या नेल्या का वो अजून?" मी तिला नानांच्या घरी नेऊन नकाशा दाखवला. श्रीलंकेच्या खालपासून वर येणारी टिकल्यांची ओळ बघून तिची निराशा झाली.

वादळ बेटाच्या दिशेनं वळलं की नानांचे फोन सुरू होतात. जुन्या बोळातल्या शेजाऱ्यांना, कोळीवाड्यातल्या ओळखीच्यांना, सगळ्यांना. नाना तमिळ बोलतात, पण आमच्याच ठसक्यात, त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं, नाना रानात कुणाला तरी हाका मारतायत. मध्येच फोनवर हात ठेवून ते माझ्यासाठी भाषांतर करतात, "होड्या वर वढल्या म्हंतोय. पर दोर कुठला बांधलाय, ते इचारतो."

एकदा मी म्हटलं, "नाना, तिथं सरकारी गाडी भोंगा लावून फिरते. त्यांना तुमच्या आधी कळतं."

"कळतं की. पर कळनं आन् उठनं ह्यात लय अंतर हाय. भोंगा काय घरात शिरून 'उठ' म्हंतो का? त्याला कोनतरी नाव घिऊन वरडनारं लागतं."

हे नाव घेऊन ओरडणं सगळ्यांना रुचतं असं नाही. एका वर्षी नानांनी अर्धा बोळ शाळेत हलवला आणि वादळानं ऐनवेळी आंध्राकडं तोंड फिरवलं. बेटावर साधी भुरभुरही झाली नाही. तिकडून जे फोन आले, त्यांचं भाषांतर नानांनी केलं नाही. गावातली तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या कोरडवाहू भागाला वादळाची शेपटी घासून गेली तरी ज्वारीला पाणी होतं. म्हणून नाना काळजीनं काळे पडलेले असताना पारावरचे लोक त्यांना विनवतात, "नाना, जरा हिकडं बी वळवा की!" नाना ह्यावर खरोखर चिडतात. "हिकडं वळवाय ते काय एसटी हाय?"

ह्या सगळ्या फोनांत एक फोन नाना नेहमी सगळ्यात शेवटी लावायचे. तो सेल्वी अक्काचा. भट्टीमागं नानांची राहती खोली होती, तिच्या भिंतीला भिंत लागून अक्काचं घर. नवरा मासेमारीला जायचा, तो पूर्वीच वारलेला. इडल्या विकून तिनं घर चालवलं. नानांपेक्षा थोडी मोठी असेल. बाकीच्यांशी नाना रानातल्यासारखे ओरडायचे, अक्काशी मात्र थोडक्यात आणि हळू बोलायचे. मला ह्याचं नवल वाटायचं, पण मी कधी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतरचं वादळ सरळ बेटावरच निघालं होतं. ह्या वेळी टिकल्या कुठंच वळत नव्हत्या. दुपारी वडूजची वीज गेली, नानांचा फोन मान टाकायला लागला, तसे ते माझ्या दुकानात इन्व्हर्टरवर फोन लावून बाकड्यावर बसले. एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला. तिकडून वाऱ्याची सूं सूं माझ्या गल्ल्यापर्यंत ऐकू येत होती. बोळ रिकामा झाला होता. सगळे शाळेत पोचले होते. फक्त अक्का घरातून हलत नव्हती.

"पोंगा अक्का, पोंगा!" नाना परत परत म्हणत होते. जा, जा. तिकडून ती शांतपणे काहीतरी लांबलचक सांगत होती. नानांचा चेहरा बघता बघता उतरला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"पोतं."

"कसलं पोतं?"

मग कळलं. गलाईच्या दुकानातला केर कुणी टाकत नाही. त्यात सोन्याचे कण पडलेले असतात, म्हणून झाडून काढलेली माती पोत्यात भरून ठेवतात आणि सवडीनं धुऊन काढतात. काकू गेल्यावर नानांनी दुकान बंद केलं तेव्हा शेवटचं पोतं धुवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. ते त्यांनी अक्काच्या खाटेखाली ढकललं आणि सांगितलं, जपा, मी येऊन नेतो. ते पुन्हा गेलेच नाहीत. पोतं त्यांच्या आठवणीतूनही गेलं. अक्कानं मात्र इतकी वर्षं त्याच्यावर पहारा दिला होता. आता तिचं म्हणणं होतं, एवढं जड पोतं मला उचलत नाही, घरात खारं पाणी शिरलं तर तुझं सोनं वाहून जाईल, मी त्याला सोडून जाऊ कशी?

"टाका म्हनावं गटारात!" नाना मलाच ओरडून म्हणाले, मग तेच फोनमध्ये तमिळमध्ये म्हणाले. तिकडून उत्तर आलं. नानांनी कपाळावर हात मारला. "म्हंती, तूच जपाय सांगितलंस."

दुकानात गिऱ्हाईकं थांबली होती. कुणी औषध मागत नव्हतं. टॉवर कोसळला की फोन बंद पडणार, हे सगळ्यांना कळत होतं. पारावर बसून वादळ इकडं वळवा म्हणणारा एक जण त्यांच्यात होता, तोही टोपी हातात घेऊन उभा होता. नाना तमिळमध्ये रागावले, मग त्यांनी विनवण्या केल्या, मग त्यांचं तमिळच संपलं. आणि नाना एकदम आपल्या भाषेतच ओरडले,

"आवं अक्का, आग लागू द्या त्या सोन्याला! मला न्हाई पायजे सोनं. तुमी ऱ्हावा. तुमी गेलासा तर सिंधूची आठवन सांगाय माझं हाय कोन तिकडं? उठा. पाया पडतो तुमच्या, उठा!"

फोनमध्ये नुसता वारा. आणि मग त्या वाऱ्यातून एक म्हातारा बायकी आवाज आला. तो तमिळ नव्हता. थेट आमच्या खटाव तालुक्यातला होता, चुलीपुढं बसून बोलावं तसा.

"आवं, वरडू नगासा. जातीय मी. भाकरी खाल्लीसा का?"

दुकानात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नाना "व्हय" म्हणाले. तिकडं दाराला कडी घातल्याचा आवाज झाला, मग पावलं, मग शाळेतल्या पोरांचा कालवा आणि कुणाचंतरी "अक्का, अक्का". थोड्या वेळानं फोन बंद पडला. नाना बाकड्यावर मान खाली घालून बसले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते त्यांनी लपवलं नाही.

मी गिऱ्हाईकं वाटेला लावली, शटर अर्धं ओढलं आणि चहा मागवला.

"सिंधू तमिळ काय शिकली न्हाई," नाना म्हणाले. "लय हट्टी. म्हनायची, त्यांनी माझं शिकावं. भिंतीपलीकडनं दिसभर अक्कासंगं आपलं आपल्या बोलीत बोलत बसायची. अक्का तसंच शिकली. तिच्याच तोंडचं. भाकरी खाल्लीसा का, हे बी तिचंच. मी भट्टीवरनं आलो की पयलं हेच इचारायची." चहा त्यांच्या हातात तसाच होता. "ह्या गावात मला नाना म्हननारी लय हायती, सांगलीकर. पर असं इचारनारं कोन न्हाई."

बेटावर पुष्कळ पत्रे उडाले. अक्काच्या घराची एक भिंत बसली आणि पोत्यातली माती समुद्राबरोबर गेली. अक्का शाळेत सुखरूप होती. फोन लागायला लागल्यावर ही बातमी नानांनीच मला दिली आणि सोन्याचं नाव काढलं नाही. तेव्हा ते पत्र्यावर चढून एकेक दगड खाली देत होते, आणि मी खाली उभा राहून ते घेत होतो.

"नाना," मी म्हटलं, "वादळाची वाट कशाला बघायची? अधूनमधून उगाच फोन करावा की अक्काला. चार शब्द बोलावं."

नाना हातातला दगड तसाच धरून थांबले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला लाजलेलं मी प्रथमच बघत होतो.

"आन् फोनवर सांगू काय?" ते म्हणाले. "एकटी बाईमानूस हाय ती. फोन कराय कायतरी कारन नगं का?"

"कारण कशाला लागतं, नाना?"

"तुमच्या सांगलीला लागत नसंल," नाना म्हणाले. "आमच्यात लागतं."